आधी पावलं चाचपून बघ

बाय, डॉक्टर झालीस आणि पहिलीच नेमणूक आपल्याच वसई तालुक्यात, तुंगारेश्वरच्या पलीकडे पारोळ-भाताण्याच्या पट्ट्यात मिळाली, हे ऐकून तुझ्या आत्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुस्तकातला ॲड्रेनर्जिक रिसेप्टरचा धडा तुला तोंडपाठ आहे, ते मला ठाऊक आहे. तिकडे तोच धडा विंचू चावलेल्या पोराच्या, दम्याच्या आजीच्या आणि लघवी तुंबलेल्या आजोबांच्या रूपाने दारात येईल.

इतकी वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढल्यावर सांगण्यासारखं एकच आहे. रिसेप्टर डोळ्यांना दिसत नाही, पण हाताला लागतो. औषध देण्याआधी रुग्णाला हात लाव, दिल्यावर पुन्हा लाव. बाकी सगळा या एका वाक्याचा विस्तार. डोस मात्र माझ्या कागदावर विसंबून देऊ नकोस, आरोग्य केंद्रातल्या तक्त्याशी ताडून घे.

आधी दारं ओळख

१. माणूस घाबरला, धावला, त्याचं रक्त गेलं की सिम्पथेटिक मज्जासंस्था जागी होते; नसांच्या टोकांतून नॉरॲड्रेनालिन आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून ॲड्रेनालिन सुटतं. ते कुठे जाऊन बसतं हे आधी मनात आण – एकाच रसायनाने एक वाहिनी आवळते आणि दुसरी सैल होते, ते बसायच्या जागेमुळे.

२. रिसेप्टर म्हणजे विरार लोकलचं दार समज. औषध एक तर आत शिरून कामाला लागतं, नाही तर दारात पाय रोवून उभं राहतं – दारातला माणूस स्वतः काही करत नाही, फक्त बोरिवलीवाल्याला चढू देत नाही, आणि ब्लॉकर गोळीचं कामही एवढंच.

३. अल्फा-१ जागा झाला की कातडीच्या आणि आतड्याच्या रक्तवाहिन्या आवळतात, बाहुली मोठी होते, मूत्राशयाचं तोंड घट्ट मिटतं. गार पाऊल, मोठी बाहुली, फुगलेलं ओटीपोट या तीन खुणा बोटांवर ठेव – त्या बघायला यंत्र लागत नाही आणि वीज गेली तरी त्या दिसतात.

४. बीटा-१ मुख्यतः हृदयावर, बीटा-२ मुख्यतः फुप्फुसांवर. हृदय एक, फुप्फुसं दोन, एवढं घोकून ठेव – रात्री दोन वाजता पान आठवत नाही, आकडा आठवतो.

५. अल्फा-२ उलट्या वृत्तीचा, तो नॉरॲड्रेनालिनचं सुटणंच कमी करतो. क्लोनिडीन आणि मिथाइलडोपा मेंदूतल्या याच जागी बसून रक्तदाब उतरवतात – म्हणून या गोळ्यांवरचा माणूस पेंगुळलेला दिसला, तोंड कोरडं पडलं म्हणाला, तर नवा आजार शोधत बसू नकोस.

६. बीटा-३ मूत्राशय सैल करतो. सारखी लघवीची घाई होणाऱ्यांना मिराबेग्रॉन त्यासाठीच देतात. ती गोळी चालू असलेल्याचा रक्तदाब मधून मधून बघ – काहींचा तो वाढतो.

७. ही दारं कुणी ओळखली तेही ठेव लक्षात. अमेरिकेत रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ साली अल्फा आणि बीटा वेगळे मांडले, तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. जेम्स ब्लॅक यांनी त्याच मांडणीवरून प्रोप्रॅनोलॉल घडवलं आणि १९८८ साली नोबेल मिळवलं. रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना याच कुळातल्या रिसेप्टरांच्या कामासाठी २०१२ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं – कोडं कुणी कसं सोडवलं ते कळलं की पाठांतराचं ओझं निम्मं होतं.

विंचवाचा धडा, हा नीट ऐक

८. पाड्यावर गेलीस की सांगत जा, चप्पल झटकून घालायची, सरपण विजेरी लावून काढायचं, वीटभट्टीवर विटा उचलताना बोटं फटीत घालायची नाहीत. विंचू रात्री हिंडतो आणि दिवसा अंधाऱ्या फटीत दडतो – बोट तिथे गेलं की तो आपला जीव वाचवायलाच नांगी मारतो.

९. दंशाच्या जागी जीवघेणा ठणका आणि बाकी अंग ठीक, तर बहुधा निभावतं. ठणक्याला आराम दे आणि नजरेखाली ठेव. ठणका बेताचा पण ओकाऱ्या आणि घामाच्या धारा, तिथे कान टवकार – विष दंशाच्या जागी थांबलेलं नाही, अंगभर पोचलंय.

१०. ओकारी, दरदरून घाम, तोंडाला लाळ, मुलग्याचं लिंग ताठर होणं, ही पहिली हाक. आई लाजून शेवटचं लक्षण सांगणार नाही, तूच चादर सारून बघ – या खुणा दिसल्या की पुढचं संकट यायला फार वेळ लागत नाही.

११. पुढचं संकट म्हणजे गार पावलं. लाल विंचवाचं विष नसांमधल्या सोडियमच्या वाटा मिटू देत नाही, नसा थांबेचनात, नॉरॲड्रेनालिनचा लोंढा सुटतो, अल्फा-१ मुळे साऱ्या वाहिन्या आवळतात – आणि त्या आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलून ढकलून पोराचं हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं.

१२. हे कोडं परदेशात सुटलं नाही, आपल्या कोकणात सुटलं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, विंचू चावलेल्यांच्या उशाशी बसून एकेक लक्षण टिपत गेले आणि १९८२ साली लॅन्सेटमध्ये ती धोक्याची लक्षणं छापून आली. पुढे अल्फा-१ अडवणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरली, त्याचा लेख १९८६ साली तिथेच आला – तू जिथे बसणार आहेस तसल्याच केंद्रातून हे काम उभं राहिलं, म्हणून आपलं केंद्र लहान आहे असं मनातही आणू नकोस.

१३. गोळीच्या आधीच्या काळात विष अंगभर भिनलेल्या शंभर रुग्णांतले तीसच्या आसपास दगावत. गोळी आल्यावर ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं, असं बावस्कर पतिपत्नींनी नोंदवलं आहे. २०२२ साली डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली – पण तुझ्या कामाची गोष्ट त्या आकड्यात आहे, तो लक्षात ठेव.

१४. मुलाला प्राझोसिन किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने, आणि हातपाय कोमट होईपर्यंत दर तीन तासांनी. म्हणजे १५ किलोच्या पोराला ४५० मायक्रोग्रॅम, १ मिलिग्रॅमच्या गोळीची जेमतेम अर्धी. हे गणित शांत दिवशी करून भिंतीला चिकटव – आई रडत असताना दशांश चिन्ह सरकतं.

१५. पाकिटावर हळूहळू विरघळणारी असं काही लिहिलेलं असेल, तर ती प्राझोसिन विंचवाला नको, आणि चुरून तर मुळीच नको. साधी गोळी वेगळ्या डबीत ठेव – दोन्हींचं नाव एक, पण चुरलेली दुसरी एका दमात सगळी अंगात उतरते.

१६. गोळी दिली की पोराला आडवंच ठेव, आईच्या कडेवर देऊ नकोस, लघवीलाही उभं करू नकोस. पहिल्या डोसाने वाहिन्या एकदम सैल पडतात – उभं केलं तर रक्त पायांत उतरतं आणि पोर चक्कर येऊन कोसळतं.

१७. मात्र धाप लागली, छातीत बुडबुडे ऐकू आले, गुलाबी फेस आला, तर पाठीला आधार देऊन बसतं कर, ऑक्सिजन लाव आणि मोठ्या रुग्णालयाला फोन कर – फुप्फुसात पाणी असलेल्याला सपाट झोपवलं की श्वास आणखी कोंडतो.

१८. ओकाऱ्यांनी आणि घामाने सुकलेल्या पोराची जीभ आणि चिमटीत धरलेली कातडी आधी बघ, पाणी कमी पडलं असेल तर ते भरून काढ. गार पाऊल पाणी कमी पडल्यानेही होतं – आणि रिकाम्या वाहिन्या सैल केल्या तर रक्तदाब तळाला जातो.

१९. नाडी धडधडतेय म्हणून बीटा ब्लॉकर द्यायचा मोह आवर. आवळलेल्या वाहिन्यांशी हृदय कसंबसं झुंजतंय – त्याचा जोर तूच काढून घेतलास तर अल्फाला रान मोकळं.

२०. घाम-लाळ दिसली म्हणून ॲट्रोपिनही सवयीने टोचू नकोस. घाम-लाळेचा टप्पा बहुधा आपोआप ओसरतो – ॲट्रोपिनने नाडी आणखी उधळते आणि पुढचं अल्फाचं संकट वाढतं.

२१. ठणक्यासाठी जागा बधिर करायची तर ॲड्रेनालिन नसलेलं लिग्नोकेन घे. बाटलीवरचं लेबल मोठ्याने वाच. हात आधी, सुई मागून, आणि लेबल सगळ्यांच्या आधी – अंगात नॉरॲड्रेनालिन आधीच उतू जातंय, त्यात भर कशाला.

२२. परळच्या हाफकिनची विंचूविषावरची लस साठ्यात आहे का, ते पावसाळ्याआधीच विचारून घे. बावस्करांच्या २०११ सालच्या बीएमजेमधल्या अभ्यासात लस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८ – गोळी जीव धरून ठेवते, लस विषच निष्प्रभ करते, दोघींची गाठ घालून दे.

२३. पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने नाडी, रक्तदाब, श्वास आणि पावलं. पावलं बघायला हाताची मागची बाजू लाव, घोट्यापासून बोटांपर्यंत सरकव आणि गारवा कुठे सुरू होतो तिथे पेनाने रेघ मार – पुढच्या वेळी रेघ बोटांकडे सरकलेली दिसली की गोळी लागू पडतेय, हे आईलाही कळतं.

२४. पोराला पुढे पाठवायचं ठरलं तर गोळी देऊन पाठव, १०८ बोलाव, आणि डोस नि वेळ कागदावर लिहून तो कागद आईच्या हातात दे. वेळ लिहिली त्याने वेळ वाचवली – वर्सोवा पुलाच्या कोंडीत गाडी अडकली तर पुढच्या डोसाची वेळ गाडीतच होते.

२५. भगताकडे आधी गेले म्हणून कुणाला रागावू नकोस. उलट भगतालाच भेट आणि सांग, मंत्र घाला, पण गाडी येईपर्यंतच. त्याच्या शब्दाला पाड्यात मान आहे – तो म्हणाला "दवाखान्यात न्या", तर तुझा एक तास वाचतो.

ॲड्रेनालिनची सुई

२६. सुई दिल्यावर, लस दिल्यावर, गांधीलमाशी चावल्यावर अंगावर गांध्या, घशात घरघर, रक्तदाब खाली, असं दिसलं की आधी ॲड्रेनालिन, मग बाकी सगळं. अल्फा रक्तदाब उचलतो, बीटा-२ छाती मोकळी करतो – एव्हिल आणि स्टिरॉइड ही दोन्ही कामं वेळेत करू शकत नाहीत.

२७. मोठ्या माणसाला १:१००० चं अर्धा मिलिलिटर, मुलाला किलोमागे ०.०१ मिलिलिटर पण अर्ध्याच्या वर नाही, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. कपड्यावरून टोचलं तरी चालेल – मांडीतून औषध दंडापेक्षा लवकर रक्तात पोचतं.

२८. तीच कुपी घाईत शिरेत ढकलायची नाही. घाई पायांत असावी, हातात नसावी – शिरेतून एकदम गेलेलं ॲड्रेनालिन हृदयाचा ठेका बिघडवतं.

२९. दोन सुयांनंतरही उठाव दिसला नाही तर नातेवाइकांना विचार, रक्तदाबाची गोळी कुठली घेतात? बीटा ब्लॉकर असेल तर ॲड्रेनालिन आत शिरायला धडपडतं – अशा वेळी ग्लुकॅगॉन दुसऱ्या वाटेने हृदयाला जोर देतं, ते ज्या रुग्णालयात आहे तिथे लगेच कळव.

३०. महिन्यातून एकदा ट्रेमधल्या कुप्या उजेडात धरून बघ, तपकिरी झालेली बाजूला काढ, बाकीच्या पुन्हा अंधारात ठेव. उजेडाने आणि हवेने ॲड्रेनालिन बिघडतं – ते कळायची वेळ रुग्ण निळा पडल्यावरची नसावी.

रोजच्या गोळ्या, रोजचे प्रश्न

३१. बीटा ब्लॉकर लिहिण्याआधी एकच प्रश्न, दमा आहे का? प्रोप्रॅनोलॉल बीटा-१ बरोबर बीटा-२ ही अडवतं – हृदयाला विसावा देताना श्वासनळी आवळते, आणि फक्त हृदयासाठीच्या म्हणवल्या जाणाऱ्या गोळ्याही डोस वाढला की सीमा ओलांडतात.

३२. गणपतीला, नाताळला गावी जाणाऱ्यांना पुरेशा गोळ्या देऊनच पाठव. गोळी सुरू करायला सही पुरते, बंद करायला सवड लागते – बीटा ब्लॉकर चालू असताना शरीर रिसेप्टर वाढवून ठेवतं, एकदम बंद केलं तर छातीत दुखणं उसळतं. क्लोनिडीन तोडलं तर रक्तदाब उसळतो.

३३. मधुमेहाच्या माणसाला बीटा ब्लॉकर चालू असेल तर साखर उतरल्याची खूण म्हणून घाम ओळखायला शिकव. धडधड आणि हातांचा थरकाप गोळी झाकून टाकते – घाम मात्र दुसऱ्या वाटेने येतो, म्हणून तो उरतो.

३४. साल्ब्युटामॉलचा पंप ओढल्यावर आजीचे हात थरथरले तर समजावून सांग, घाबरायचं नाही. बीटा-२ स्नायूंतही असतो. पण पंप आठवड्यात किती वेळा लागतो ते दर भेटीत विचार – नळी उघडणारं औषध वारंवार लागत असेल तर मुळातली सूज तशीच आहे, आणि सारखा पंप ओढून पोटॅशियमही उतरतं.

३५. चोंदलेल्या नाकाचे थेंब तीन ते पाच दिवसांवर नकोत, हे बाटली हातात देतानाच सांग. अल्फा-१ ने नाकातल्या वाहिन्या आवळून वाट मोकळी होते – दिवस वाढले की थेंब उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस त्या बाटलीतच अडकतो.

३६. रक्तदाबवाल्याने मेडिकलमधून सर्दीची गोळी घेतली का, हे विचार. आजोबांची लघवी तुंबली असेल तर नक्कीच विचार. फिनाइलएफ्रिन, स्यूडोएफेड्रिन नाकापुरती थांबत नाहीत – अल्फा-१ रक्तदाबही चढवतो आणि मूत्राशयाचं तोंडही मिटतो.

३७. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन सुरू केलंस तर रात्री घ्यायला सांग, आणि उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायला सांग. मोतीबिंदूची तारीख ठरली असेल तर नेत्रतज्ज्ञाला चिठ्ठी लिही – या गोळीने बुबुळ लुळं पडून शस्त्रक्रियेत आड येतं, २००५ पासून सर्जन त्याची तयारी ठेवतात.

३८. "गोळ्या कुठल्या?" असं विचारलंस की डोळ्यांचे थेंब कुणी सांगत नाही, तेही विचार. थेंब लहान, पण वाट लांबची – काचबिंदूचं टिमोलॉल नाकातून रक्तात उतरतं आणि दम्याच्या छातीपर्यंत पोचतं. थेंब टाकून डोळ्याचा आतला कोपरा दोन मिनिटं दाबून धरायला शिकव.

३९. गरोदर बाईचा रक्तदाब वाढला तर लॅबेटॅलॉल आणि मिथाइलडोपा ही जुनी, विश्वासाची नावं. लॅबेटॅलॉल अल्फा-१ आणि बीटा दोन्ही अडवतं – म्हणजे दम्याचा प्रश्न इथेही सुटत नाही, विचारायचाच.

४०. परीक्षेच्या भीतीने पोरं मैत्रिणीची प्रोप्रॅनोलॉल मागून घेतात. दिसलं तर ओरडू नकोस, नाडी बघ आणि दम्याचं विचार. हाताचा थरकाप थांबतो हे खरं – पण ज्या पोरीला लहानपणी दमा होता तिला ती एक गोळीही महाग पडते.

४१. नॉरॲड्रेनालिनची सलाइन चालू असेल तर दर फेरीला सुईभोवतीची कातडी बघ. पांढरी, गार, टणक लागली तर तिथली धार थांबव, दुसरी शीर धर आणि फेंटोलॅमिन आहे का विचार – औषध शिरेबाहेर गेलं की अल्फा-१ तिथलीच कातडी मारतो.

४२. प्रत्येकाला गोळ्यांची पिशवी सोबत आणायला लाव आणि ती टेबलावर उलटी कर. पिशवी उघडली की दुखणं उघडतं – दोन डॉक्टरांचे दोन बीटा ब्लॉकर एकाच पिशवीत निघतात आणि माणूस मंद नाडीने गळून गेलेला असतो.

४३. आणि पहिल्याच आठवड्यात आशाताईंना एकत्र बसवून चार गोष्टी शिकव: ओकारी विचारायची, घाम बघायचा, पाऊल हाताच्या मागच्या बाजूने चाचपायचं, तुला फोन करायचा. रात्री पाड्यावर तुझ्याआधी त्या पोचतात – त्यांच्या हाताला गारवा कळला तर पोर येईपर्यंत तुझी गोळी, वजनकाटा आणि १०८ ची गाडी तयार असते.